शिक्षा : इकडची आणि तिकडची

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आईला घेऊन भोपाळला जाऊन आलो. माझी थोरली बहीण, आमची आक्का, लग्न झाल्यापासून तिकडेच आहे. दाजी आमच्याच खानापूर तालुक्यातले. बेळगावात डिप्लोमा करून भेलच्या कारखान्यात लागले आणि निवृत्तीनंतर गोविंदपुऱ्यात घर बांधून तिथलेच झाले. आईचे वय आता चौऱ्याऐंशी. तिचे माहेर कन्नड वस्तीला लागून, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा तिला सारख्याच सुखाने येतात. हिंदीशी मात्र तिचा कधी संबंध आला नाही. लोंढ्याला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसताना तिला एकच काळजी लागली होती, तिकडच्या लोकांशी बोलायचे कसे?

प्रत्यक्षात पंचाईत झाली ती घरातच, सख्ख्या नातीशी मराठी बोलताना.

पहिल्या रात्री सगळे जेवायला बसलो होतो. आक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची, बी.एड. होऊन एका खासगी शाळेत शिकवते. आईने तिला विचारले, "आता काय करतीस गं तू?"

"आजी, मी शाळेत लहान मुलांना शिक्षा देते."

आईचा घास हातातच राहिला. "कशाला देतीस गं बाई? बारकी पोरं ती!"

"असं काय आजी? कुणीतरी द्यायलाच पाहिजे ना. मला तर खूप आवडतं."

आईने माझ्याकडे असे काही पाहिले, की जणू मामाच्या धंद्याचे सगळे वाईट गुण भाचीने उचलले आहेत. मग आक्काला हसू आवरेना. तिने उलगडा केला, की इथे शिक्षा म्हणजे शिक्षण. आईला ते पटायला वेळ लागला. "मग मारलेलं असतंय त्याला काय म्हणतात?" असे तिने विचारले. "सजा," दाजी म्हणाले. "सजा तर तलाठ्याची असते," आई म्हणाली, आणि तो विषय त्या रात्री तिथेच मिटला.

माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. तीस वर्षे मी शाळेत काढली, शिक्षणशास्त्राची पदवी घेतली, शिक्षक, शिक्षण, प्रशिक्षण हे शब्द रोज वापरले. पण एकाच संस्कृत शब्दाचा अर्थ सातपुड्याच्या अलीकडे छडी आणि पलीकडे पाटी कसा झाला, याचा विचार कधी केला नव्हता. पुढचे आठ दिवस मी त्याच्या मागे लागलो.

गोविंदपुरा हा त्यासाठी अगदी सोयीचा भाग निघाला. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि भोपाळच्या या अंगाला कारखाना आला. पुढे १९७४ मध्ये ती भेलमध्ये विलीन झाली. कारखान्याबरोबर पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि देशभरची माणसे तिथे येऊन वसली. दाजींच्या घराच्या एका बाजूला मल्याळी कुटुंब राहते, दुसऱ्या बाजूला बंगाली. समोर आंध्रातले एक गृहस्थ आहेत, आणि संध्याकाळच्या फेरफटक्याला विदिशेकडचे एक निवृत्त फोरमन येऊन मिळतात. ही मंडळी रोज सहाच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या बागेत बसतात. मी एका संध्याकाळी सरळ विचारले, की आपापल्या भाषेत शिक्षा म्हणजे काय?

बंगाली गृहस्थ म्हणाले, अर्थातच शिक्षण. गुन्हेगाराला मिळते तिला ते 'शास्ति' म्हणतात. विदिशेच्या फोरमननी मान डोलावली. पण मल्याळी शेजारी म्हणाले, छे छे, आमच्याकडे शिक्षा म्हणजे कोर्टात मिळते ती. शाळेत मिळते ते 'विद्याभ्यासम्'. जुन्या भारतीय दंड संहितेला मल्याळममध्ये 'शिक्षानियमम्' असे नाव होते. तेलुगू गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे तिचेच नाव 'शिक्षास्मृति'. ती संहिता १ जुलै २०२४ पासून गेली आणि तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण शब्द राहिलाच. फोरमनसाहेब हसून म्हणाले, की ही दोन्ही नावे मी वाचली असती तर शाळेच्या फीबद्दलचा कायदा समजलो असतो.

घरी येऊन मी वहीत एक कच्चा नकाशा काढला. हिंदी, पंजाबी, बंगाली, असमिया, ओडिया, शेजारच्या नेपाळातली नेपाळी, या सगळ्यांत शिक्षा म्हणजे विद्या. मराठी, कन्नड, तेलुगू, मल्याळम यांत शिक्षा म्हणजे शासन. गुजराती आमच्या बाजूला झुकते. तिच्यातही शाळेत शिक्षण मिळते आणि शिक्षा म्हटले की सजा आठवते. आता ही रेघ कुठून जाते पाहा. ती महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या मधून, सातपुड्यावरून जाते. खानापूर, बेळगाव, निपाणीवरून ती जातच नाही. कन्नडमध्ये जन्मठेपेला 'जीवावधि शिक्षे' म्हणतात आणि शाळेत मिळते त्याला 'शिक्षण'. आपल्या तालुक्यातल्या शिक्षण खात्याच्या कार्यालयावरची कन्नड पाटी वाचा, 'क्षेत्र शिक्षणाधिकारी'. अक्षरे तेवढी कन्नड आहेत, शब्द जसेच्या तसे आपले. तेच मध्य प्रदेशात गेलात तर तो माणूस 'शिक्षा अधिकारी' होतो, आणि आपल्याला वाटते तुरुंगाचा जेलर.

समितीचा कार्यकर्ता म्हणून हे लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, पण आहे ते आहे. या एका शब्दाच्या बाबतीत आपण आणि कन्नडवाले एका ओसरीवर बसलो आहोत. मुळात आम्ही बहिणीला आक्का म्हणतो, तो शब्द तरी कुठला? आपला वाद सक्तीशी आहे, भाषेशी नाही, असे आपल्या व्यासपीठांवरून आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. ते खरे असल्याचा पुरावा असा बोलीतच सापडतो.

आता मुळाकडे जाऊ. संस्कृतमध्ये 'शिक्ष्' असा धातू आहे आणि धातुपाठात त्याचा अर्थ विद्येचे ग्रहण करणे असा दिला आहे. म्हणजे मूळ क्रिया घेणाऱ्याची, विद्यार्थ्याची. गुरुजींनी देण्याची नव्हे. 'शिक्षते' म्हणजे शिकतो. शिकवतो म्हणायचे तर 'शिक्षयति' असे प्रयोजक रूप करावे लागते. अभ्यासक आणखी एक पायरी मागे जातात. 'शक्' म्हणजे समर्थ असणे. शक्ती, शक्य हे शब्द त्याचेच. त्याला इच्छार्थक रूप दिले की 'शिक्ष्' होते. समर्थ होण्याची इच्छा धरणे, असा त्याचा अर्थ. बी.एड.च्या वर्गात अध्ययनाच्या पानपानभर व्याख्या पाठ केल्या होत्या, त्यांपैकी एकीतही हे इतके थोडक्यात आले नव्हते. आपला शिकणे, हिंदीतला सीखना, ही त्याच धातूची घासून गुळगुळीत झालेली रूपे. पालीत त्याचे 'सिक्खा' झाले. आपल्या गावांतून बौद्ध वस्तीत पंचशील म्हटले जाते, त्यात 'सिक्खापदं' हा शब्द पाच वेळा येतो. तिथे त्याचा अर्थ स्वतः होऊन स्वीकारलेला आचरणाचा नियम असा आहे. दुसऱ्याने लादलेला नव्हे, हे लक्षात घ्यावे. हाच शब्द समुद्रापलीकडे थायलंडलाही गेला, आणि तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या नावात आजही बसला आहे.

पण या दोन्ही अर्थांच्या आधीचा, किंवा निदान त्यांच्याइतकाच जुना, एक तिसरा अर्थ आहे, आणि भाषेच्या माणसाला तो सर्वांत जवळचा वाटावा. वेदांची सहा अंगे सांगतात: शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद आणि ज्योतिष. त्यांतले पहिले अंग जे शिक्षा, ते उच्चाराचे शास्त्र आहे. कोणता वर्ण तोंडात कुठे उपजतो, स्वर किती चढवायचा, मात्रा किती ओढायची, हे ती शिकवते. तैत्तिरीय उपनिषदाचा पहिला भाग शिक्षावल्ली या नावाने ओळखला जातो. तिथे सुरुवातीला शिक्षेचे सहा विषय सांगितले आहेत: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान. याच वल्लीत पुढे, विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरूने केलेला प्रसिद्ध उपदेश येतो. पाणिनीय शिक्षा नावाचा एक छोटा ग्रंथ आहे, त्यात वर्ण कसे उच्चारावेत याला एक दृष्टांत दिला आहे. वाघीण आपली पिले दातांत धरून नेते, तेव्हा ती पडू नयेत आणि त्यांना दातही लागू नयेत अशी बेताने धरते. वर्ण तसे धरावेत. शिकवण्याविषयी वाघिणीकडून याहून चांगला धडा कुणी घेतला असेल असे मला वाटत नाही. असो, ही वाघीण पुढे पुन्हा येणार आहे.

मग हा शब्द छडीकडे वळला कसा? त्याला 'शास्' धातूचा शेजार लागला असावा. शास् म्हणजे शिकवणे, आज्ञा करणे आणि दंड करणेही. त्यातून शास्त्र आले, शिष्य आला, शासनही आले. मराठीत शासन म्हणजे सरकार आणि शासन म्हणजे सजासुद्धा. दोन्हींचा अनुभव पुष्कळदा एकत्रच येतो ही गोष्ट निराळी. शिवाय ज्या काळात पंतोजींच्या शाळेत विद्या आणि वेत यांची फारकत नव्हती, त्या काळात एका शब्दाने दोन्ही कामे झाली तर नवल नाही. आजही "थांब, तुला चांगला शिकवतो" असे आपण म्हणतो, तेव्हा समोरच्याला पाढे शिकवण्याचा आपला विचार नसतो. पुढे विद्येसाठी शिक्षण हा शब्द रुळला आणि शिक्षेच्या वाट्याला नुसते वळ उरले. हिंदीत शिक्षेने विद्या राखली आणि मारण्याचे काम दंड आणि सजा यांच्यावर सोपवले. मूळ संस्कृतात दंड म्हणजे काठी. हिंदीत तो मृत्युदंडापर्यंत पोचला आणि आपल्याकडे पंचायतीच्या पावतीवर रुपयांत आला. (आणि पैलवानाच्या बाहीतही, हे तालमीत जाणाऱ्यांना सांगायला नको.)

एका सकाळी आक्काच्या नातवाला शाळेत सोडायला गेलो होतो. हा माझ्या भाच्याचा मुलगा, वय वर्षे सहा. शाळेच्या आवारात एका खोलीवर पाटी होती, 'शारीरिक शिक्षा'. मी थबकलोच. आत डोकावलो तर फुटबॉल, दोऱ्या, डंबेल. पी.टी.ची खोली! आपल्याकडे ज्याला शारीरिक शिक्षण म्हणतात ते. आणि आता विनोद पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना मारायला बंदी केली. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्या कलमाचे मराठीत वर्णन करताना आपण म्हणतो, शारीरिक शिक्षेला बंदी. म्हणजे ज्या गोष्टीला मराठीत कायद्याने मनाई आहे, तिचा हिंदी शाळेत वेळापत्रकात तास असतो! मध्य प्रदेशात १९९७ साली 'शिक्षा गारंटी योजना' निघाली. वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना जवळ शाळा मिळावी म्हणून निघालेली ती चांगली योजना होती. पण हे नाव आपल्या गावच्या पारावर वाचले असते तर एकाही पोराने शाळेची पायरी चढली नसती. त्याच दशकात तिथल्या कमी पगाराच्या शिक्षकांना 'शिक्षाकर्मी' म्हणत. त्यांचा पगार ऐकल्यावर मात्र मराठी अर्थच जास्त बरोबर वाटतो.

या बाबतीत एक गोष्ट आपल्या लोकांनी मनावर घेण्यासारखी आहे. २००१ च्या सुमारास केंद्र सरकारने 'सर्व शिक्षा अभियान' सुरू केले. कर्नाटकाने ते नाव आपल्या भाषेला जुळत नाही हे ओळखून 'सर्व शिक्षण अभियान' असे केले. २०१८ मध्ये 'समग्र शिक्षा' आली, तेव्हाही बेंगळुरूने 'समग्र शिक्षण' केले. महाराष्ट्राने मात्र दोन्ही वेळा दिल्लीचे नाव जसेच्या तसे ठेवले. सर्वांना शिक्षा, आणि तीही समग्र! मराठीचे राज्य जिथे आहे तिथल्या कागदावर हे, आणि आपल्या शाळेत येणाऱ्या कन्नड परिपत्रकावर मराठीलाही शोभेल असा शब्द. सीमाभागातल्या मराठी शिक्षकाने हसावे की काय करावे ते तुम्हीच सांगा.

आक्काच्या नातवाच्या शाळेत तेव्हा १ नोव्हेंबरच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. मध्य प्रदेशाचा तो स्थापना दिवस. शहरभर रोषणाई, शाळांतून गाणी. आईने विचारले, "एक तारखेला यांच्याकडे सण आहे होय?" मी सांगितले, ज्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने आपला बेळगाव, खानापूरचा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्याच कायद्याने नागपूर मध्य प्रदेशातून गेले आणि भोपाळ राजधानी झाली. कायदा एक, तारीख एक. तिकडे दिवे लागतात आणि आपण काळा दिन पाळतो. आई म्हणाली, "आणि बेंगळूरलाही दिवे लागतात." तेही खरेच.

त्याच तारखेची आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पुनर्रचनेबरोबर घटनेची सातवी दुरुस्ती झाली आणि तिने ३५० क हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी मिळाव्यात, म्हणून राज्यांनी झटावे, असे ते कलम सांगते. निवेदन लिहिताना समितीच्या कार्यालयात हे कलम आम्ही तोंडपाठ म्हणतो. भोपाळला भाचीच्या कपाटात घटनेची हिंदी प्रत मिळाली. ते पान उघडले तर मथळ्यात शब्द होते, 'मातृभाषा में शिक्षा'. हिंदीत तो हक्क आहे. मराठी डोळ्यांनी वाचला की आपल्या अनेक गावांचा अनुभव आहे.

माझाही आहे. हायस्कुलात असताना कन्नडचा तास असे. शिकवणारे सर कडक होते. पाटीवर कन्नड मुळाक्षरे काढायची आणि चुकले की अंगठे धरून उभे राहायचे. पहिले कित्येक महिने त्यांचे बोलणे आम्हाला ओ की ठो कळत नसे. भाषांतराशिवाय मला कळलेला पहिला कन्नड शब्द 'शिक्षे'. त्यांनी तो उच्चारला की अख्खा वर्ग हात पुढे करी. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या मनात कन्नड भाषेविषयी जी अढी बसली, ती भाषेमुळे बसली नाही. मी पुढे कन्नड नीट शिकलो तो शाळा सुटल्यावर, आईकडून आणि बाजारच्या दिवशी. पुढे १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन झाले, त्यात आपली माणसे गेली. ते सर्व तुम्हाला माहीत आहे, इथे पुन्हा सांगत नाही.

हे सगळे माहीत असलेल्या माणसाने भोपाळला काय केले ते आता सांगतो. सांगायला बरे वाटत नाही.

आक्काला एकच खंत आहे. नातवाला मराठी कळते, पण बोलताना हिंदीच येते, आणि ळ तर अजिबात येत नाही. हिंदीत ळ नाही. तिकडे काळ्यांचे 'काले' होते आणि टिळकांचे 'तिलक'. ती म्हणाली, "तू मास्तर आहेस की. आठ दिवस आहेस तोवर त्याला ळ तेवढा शिकव बघू." मी मोठ्या उत्साहाने पाटी घेऊन बसलो. बाळ, केळे, काळा, फळा, शाळा. पोराने वाचले: बाल, केले, काला, फला, शाला. मी जीभ कुठे वळवायची ते दाखवले. त्याने केले ते ळ ऐवजी ड झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तो खिडकीबाहेर बघायला लागला आणि माझा आवाज चढला. "पन्नास वेळा लिही!" वीस-बावीस वेळा लिहून झाल्यावर त्याचे डोळे भरले. पाटी तिथेच टाकून तो आत आईकडे पळाला आणि रडत म्हणाला, "मामाआजोबा ने मुझे सज़ा दी।"

मी त्याच्या मागे जाऊन समजावणार होतो, की ही सजा नव्हे, हे शिकवणे आहे. पण कोणत्या शब्दात सांगणार? त्याच्या भाषेत शिक्षा म्हटले असते तर बरोबर होते, माझ्या भाषेत म्हटले असते तर त्याहून बरोबर. आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या त्या कन्नडच्या सरांपेक्षा तू काय निराळा रे?"

मी पाटी आवरून ठेवली. त्या रात्री उगाच जुने वाचलेले आठवत राहिले. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'ईळे' असा शब्द आहे. मूळ धातू 'ईड्'. दोन स्वरांच्या मध्ये आलेला ड ऋग्वेदाच्या पाठात ळ होतो. नंतरच्या संस्कृतातून तो ळ गेला, हिंदीतही आला नाही. मराठीत राहिला, कन्नडमध्ये राहिला, गुजराती, ओडिया, पंजाबी, राजस्थानी यांच्यातही राहिला. पोराच्या तोंडात ळ चा ड होत होता, ती वाट काही अगदीच परकी नव्हती. दोन्ही वर्ण एकमेकांचे शेजारी. जीभ थोडी इकडे तिकडे. उच्चाराचे शास्त्र ज्याला शिक्षा म्हणते ते नेमके एवढेच, आणि मी वाघिणीचे दात पिलाला लावून बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून आईने त्याला आपल्याकडे घेतले. तिने शिकवले काहीच नाही. सकाळी गच्चीवर शिळ्या चपातीचे तुकडे घेऊन दोघे जायची. कावळे यायचे. आई त्याला कावळ्याची आणि चिमणीची गोष्ट सांगायची, आपल्या खानापुरी मराठीत, मध्येच एखादा कन्नड शब्द टाकून. निम्मी गोष्ट त्याला कळत नसणार. तो ओरडायचा, "पणजी, वो देखो कावडा!" आई म्हणायची, "होय की, कावळा आला." तिने एकदाही चूक दाखवली नाही. मी दोनदा तोंड उघडले, दोन्ही वेळा तिने हाताने गप्प केले. आम्ही निघालो त्या दिवशीही तो कावडाच होता. आक्का स्टेशनवर म्हणाली, "राहू दे रे, तो बोलतोय तरी."

१ नोव्हेंबरला बेळगावच्या सायकल फेरीहून दुपारी घरी आलो, दंडाला काळी फीत तशीच होती. आक्काचा फोन आला होता आणि आई पणतवाशी बोलत होती. त्याच्या शाळेतला कार्यक्रम छान झाला, त्याला टाळ्या मिळाल्या, असे तो हिंदीत सांगत होता. आईला त्यातले किती कळत होते कोण जाणे, पण ती हुंकार देत होती. मग तो मराठीत म्हणाला, "पणजी, आज पण आला होता."

"कोण रे?"

तो जरा थांबला आणि त्याने शब्द उच्चारला. फोन आईच्या कानाला होता. मला लांबून जे ऐकू आले ते ळ होते की ड, सांगता येणार नाही. आईने विचारले, "मग चपाती घातलीस काय त्याला?"